तेल नको, कान हवा

मराठी घरात करकरणाऱ्या वस्तूला एकच औषध ठाऊक असते, ते म्हणजे तेल. दाराची बिजागरी कुरकुरली की स्वयंपाकघरातून खोबरेलाची बाटली बाहेर येते. झोपाळ्याच्या कड्यांना एरंडेल, शिवणयंत्राला मशीनचे तेल, आणि ज्यांच्या दारात बैलगाडी होती त्यांच्या गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असायची. आवाज येतो म्हणजे कुठेतरी कोरडे पडले आहे, दोन थेंब सोडा, हे शहाणपण आपल्या हाडीमाशी मुरलेले आहे आणि बहुतेक ठिकाणी ते खरेही ठरते. ते जिथे जिवावर बेतू शकते असे एक ठिकाण मात्र आज बहुतेक सोसायट्यांच्या वाहनतळात रांगेने उभे असते. ते म्हणजे मोटारीचा ब्रेक.

मोटारीत इंजिनापासून चाकापर्यंत शेकडो भाग घर्षण कमी व्हावे म्हणून तेलात नाहीतर ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेले असतात. ब्रेकचे सगळे उलटे. घर्षण हाच त्याचा धंदा. त्याला तेल पाजणे म्हणजे पहिलवानाला कुस्तीआधी भांग पाजण्यासारखे आहे.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त प्राध्यापक राहतात. पावसाळा सुरू झाल्यापासून त्यांच्या गाडीची पुढची चाके सिग्नलला थांबताना किंचाळू लागली होती. गणपतीला ताम्हिणी घाटाने दापोलीला जायचे, मुलगा, सून, नातू बरोबर, आणि वाटभर हा आवाज नको, म्हणून त्यांनी निघायच्या दोन दिवस आधी स्वतःच उपाय केला. गंजलेले बोल्ट सुटावेत म्हणून मारतात तो तेलाचा फवारा त्यांच्याकडे होता. फाटकाच्या बिजागऱ्यांवर त्याचा गुण आलेला. तोच त्यांनी चाकाच्या फटीतून दोन्ही पुढच्या ब्रेकवर सढळ हाताने मारला. आवाज बंद! कौतुकाने त्यांनी मला खाली बोलावले. मी जिना उतरतो आहे तोवर त्यांनी गाडी तळघराच्या उतारावर घेतली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण दोन कुंड्या चिरडून आणि भिंतीला बंपर टेकवून. वेग चालत्या माणसाइतकाच, त्यामुळे कुणाला खरचटलेही नाही. पण सर भिंतीकडे बघतच नव्हते. मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेल्या नातवाच्या रिकाम्या खुर्चीकडे ते वळून बघत होते.

तेल प्यालेले पॅड पुसून, धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा वापरता येत नाही. ते स्पंजासारखे आत शोषून घेते आणि तापले की पुन्हा बाहेर टाकते. सरांचे दोन्ही बाजूंचे पॅड टाकून द्यावे लागले, तबकड्या ब्रेक क्लीनरने धुऊन काढल्या, नवे पॅड बसवले आणि मंडळी वेळेवर दापोलीला पोचली. तेव्हापासून सोसायटीत कुणाच्याही गाडीने आवाज केला की मला हाक येते. म्हणून म्हटले, एकदा सविस्तर लिहूनच टाकावे.

आधी आवाज होतो कसा ते पाहू. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. तिच्या दोन्ही अंगांना दोन पॅड, आणि त्या पॅडना धरणारा लोखंडी चिमटा, त्याचे नाव कॅलिपर. आपण पायाने पेडल दाबले की नळीतल्या ब्रेक ऑइलच्या दाबाने चिमटा आवळतो आणि पॅड तबकडीला दोन्हीकडून पकडतात. आता व्हायोलिनचा गज आठवा. गजाला राळ लावतात ती तो तारेवरून सुळकन घसरू नये म्हणून. गज तारेला धरतो, ओढतो, तार निसटते, पुन्हा धरली जाते. हे इतक्या वेगाने चालते की आपल्याला सलग सूर ऐकू येतो. ब्रेकमध्ये नेमके हेच होते. पॅड तबकडीला धरते, निसटते, पुन्हा धरते, सेकंदाला हजाराच्या वर वेळा, आणि ती बिडाची तबकडी झांजेसारखी वाजू लागते. गज धरणारा वादक नाही, एवढाच फरक.

ज्यांनी फळ्यावर खडूने लिहिले आहे त्यांना याचा उपायही ठाऊक असतो. लांब खडू कर्रकन वाजून सगळ्या वर्गाच्या अंगावर काटा आणतो. अनुभवी मास्तर तो मोडून अर्धा करतात, किंवा तिरका धरतात. कंप पावणाऱ्या वस्तूची लांबी बदलली, टेकण्याचा कोन बदलला, की सूर तुटतो. ब्रेकच्या आवाजावरचे पुष्कळसे इलाज हे या मास्तरी युक्तीचेच भाऊबंद आहेत.

हे दुखणे नवे नाही. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याच्या ब्रेकला तांब्याचे अस्तर होते, आणि धातूवर धातू घासून तो असा काही किंचाळे की लोकांना नकोसा झाला. पुढे हर्बर्ट फ्रूडने अस्तरासाठी ॲस्बेस्टॉस वापरले आणि आवाज आटोक्यात आला. त्या ॲस्बेस्टॉसने नंतर कामगारांच्या फुप्फुसांची जी दशा केली ती वेगळीच कहाणी. पण ब्रेकच्या घरगुती दुरुस्तीचा पहिला मान मी देतो तो बर्था बेंझ या बाईंना. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्या नवऱ्याने बनवलेली तीन चाकी मोटार मानहाइमपासून फोर्झहाइमपर्यंत घेऊन गेल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या एका चर्मकाराकडून त्यांनी ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावायची कल्पना ही अशी, माहेरी जायच्या रस्त्यावर सुचलेली.

आजचे पॅड म्हणजे राळेसारखे बांधणीचे द्रव्य, धातूचे तंतू, रबर, ग्राफाइट असे बरेच काही एकत्र दाबून भाजलेले असते. प्रत्येक कारखान्याचा मसाला निराळा, जसा प्रत्येक घरचा गोडा मसाला निराळा. ज्यात धातू जास्त, ते पॅड कडक, उष्णता सोसणारे आणि आवाज करणारे. मऊ मसाल्याचे पॅड गप्प असतात पण लवकर झिजतात. हे ठाऊक असले म्हणजे नवे पॅड घेताना दुकानदाराला काय विचारायचे ते समजते.

आता निदान. १९८९ मध्ये माझी बदली महाडला झाली आणि तिथे मी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. चारही चाकांना ड्रम. ड्रमच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू आणि त्यांवर रिबेटाने ठोकलेले लायनर. लायनर झिजले की दुकानात नेऊन नवे मारून घ्यायचे. महाडचा पाऊस म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच माहीत. गाडीने जूनमध्ये जो सूर धरला तो नवरात्रापर्यंत सोडला नाही. तिथल्या मिस्त्रींकडे मी गेलो आणि सांगू लागलो, "मागच्या डाव्या चाकातून आवाज येतो." त्यांनी मला मध्येच थांबवले. म्हणाले, "साहेब, कुठून येतो ते मी बघीन. तुम्ही कधी येतो ते सांगा."

पस्तीस वर्षांनंतरही ब्रेकचे निदान मी याच प्रश्नापासून सुरू करतो. माझ्याकडे गाडीत एक छोटी वही असते. बँकेतली सवय, दुसरे काय. तारीख, किलोमीटरचा आकडा, आणि आवाज कधी आला: सकाळी की गरम झाल्यावर, पेडल दाबताना की सोडल्यावर, हळू की जोरात, पुढे जाताना की मागे घेताना. चार दिवसांच्या नोंदींत निम्मे उत्तर मिळते.

सकाळी गाडी काढल्यावर पहिले चार-पाच ब्रेक खर्र खर्र वाजतात आणि मग सगळे शांत होते, तर काहीही करू नका. बीड उघडे असते. रात्रभरच्या दमट हवेत, नाहीतर गाडी धुतल्यावर, त्याच्यावर तांबूस गंजाची साय धरते आणि पॅड ती खरवडून काढतात. कोकणात समुद्राकाठी ही साय एका रात्रीत येते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या नव्या मालकांना हा अनुभव जास्त येतो. त्या गाड्या वेग कमी करताना मोटारीकडूनच वीज परत मिळवतात, खरे ब्रेक क्वचित लागतात, म्हणून तबकडी घासली जात नाही आणि गंजते. इतकी महागाची गाडी आणि ब्रेक कसे वाजतात, म्हणून लोक हवालदिल होतात. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, आठवड्यातून दोन-चार वेळा जरा ठामपणे ब्रेक लावावा. तेवढे पुरते.

हळू वेगात, पेडल हलकेच दाबताना बारीक, उंच सूर येतो आणि जोरात दाबला की नाहीसा होतो, हे ते व्हायोलिन. ब्रेक बहुधा चांगले धरत असतात, फक्त पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालेला असतो किंवा पॅडच्या पाठीचा आवाज शोषणारा पत्रा गेलेला असतो. घाट उतरताना गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून सगळा भार ब्रेकवर टाकणाऱ्यांचे पॅड असे भाजून चकाकतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे जुन्या ड्रायव्हरांचे सांगणे पॅडच्या तब्येतीलाही मानवते.

पेडलला पाय नसतानाही, चाकाच्या फेऱ्याबरोबर चिव-चिव येते आणि ब्रेक दाबला की थांबते किंवा बदलते, हा आवाज मी सगळ्यांत आदराने ऐकतो. पुष्कळ पॅडना पोलादी पात्याची एक जीभ बसवलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरले की ती जीभ तबकडीला टेकते आणि वाजू लागते. हा बिघाड नव्हे. कारखान्यातल्या कुणीतरी तुमच्यासाठी आधीच लिहून ठेवलेले पत्र आहे ते. यावर तेल मारणारा माणूस पोस्टमनला दारातून हाकलून देतो आहे.

आणि घरघर. जात्यात खडे पडल्यासारखा, पायाला पेडलमधून जाणवणारा जाड आवाज. मसाला संपला, पॅडची लोखंडी पाठ तबकडी खाते आहे. इथे वही मिटायची, गाडी जागेवर उभी करायची आणि मिस्त्रींना घरी बोलवायचे. "गॅरेजपर्यंत तर नेऊ" हा विचारही नको.

कधी ते कळले की मग कुठून. यासाठी एक सोपी युक्ती आहे. कंपाउंडच्या लांब भिंतीला समांतर, काचा खाली करून, अगदी हळू गाडी चालवायची आणि हलके ब्रेक लावायचे. भिंतीकडच्या चाकाचा आवाज भिंतीवर आपटून थेट कानात येतो. मग उलट दिशेने येऊन दुसरी बाजू ऐकायची. आमच्याकडे या कामी सौभाग्यवती गाडीबरोबर चालत येतात. त्यांचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे. भांडी घासणाऱ्या बाईंच्या हातून कुठली वाटी पडली ते त्या दिवाणखान्यातून सांगतात.

ऐकण्याचा फायदा पैशांतही होतो. माझ्या मुलीच्या गाडीतून एकदा पत्रा पत्र्याला घासावा तसा सतत आवाज येऊ लागला. एका गॅरेजने गाडी न उचलताच चारही पॅड, दोन्ही तबकड्या, वर सफाई असा साडेअकरा हजारांचा अंदाज लिहून दिला. ती म्हणाली, "बाबा, पेडल दाबलं तरी आवाज तसाच आहे हो, काहीच फरक नाही." ब्रेकशी ज्याचा संबंध नाही तो आवाज ब्रेकचा कसा असेल? तबकडीच्या मागे धूळ-चिखल अडवणारा एक पातळ पत्रा असतो. त्याच्यात आणि तबकडीत चिंचोक्याएवढी खडी अडकली होती. डांबरीकरण चाललेल्या रस्त्यावरून ती रोज जात होती. चाक काढले, पेचकसाने खडी पाडली, वाकलेला पत्रा बोटाने सरळ केला. खर्च शून्य. ती खडी तिने गाडीच्या कप्प्यात ठेवून दिली आहे.

चाक काढण्याबद्दल मात्र मी काही सवलत देत नाही. सपाट, टणक जमीन. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि जे चाक काढायचे त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढून-मागून दगड, एसटीचे लोक लावतात तसे. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक. गाडीबरोबर येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर हात आत घालू नये. मेकॅनिक ज्याला घोडी म्हणतात तो लोखंडी स्टँड विकत मिळतो, तो लावावा. विटा लावू नयेत, भार आला की वीट फुटते. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. सगळे फसले तरी गाडी त्याच्यावर बसेल, आपल्यावर नाही. आणि गाडीखाली अंग घालायचे नाही. या कामाला त्याची गरजच पडत नाही.

बॅटरीच्या उजेडात बघा. कॅलिपरला मागून खिडकीसारखी फट असते, तिच्यातून पॅडची जाडी दिसते. नवे पॅड साधारण दहा मिलिमीटरचे असते. तीनपर्यंत आले की बदलायचे. बाहेरचे पॅड जाड दिसले म्हणून खूश होऊ नका, आतले पाहा. बऱ्याचदा आतले जास्त झिजते. तबकडीवर नख फिरवा. बारीक रेषा चालतात, नख अडकेल अशी चर चालत नाही. निळसर डाग दिसले तर ती फार तापली होती.

पॅड बाहेर काढायला बहुतेक छोट्या गाड्यांत कॅलिपरच्या मागचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उलटला की पुरे. तो पूर्ण सोडवावा लागला तर सुतळीने किंवा तारेने वर बांधून ठेवा, ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. आणि घरातल्या लहानथोरांना आधीच बजावून ठेवा, कॅलिपर उघडा असताना कुणीही पेडलला पाय लावायचा नाही. लावला तर पिस्टन बाहेर येतो आणि रविवार संपतो.

आता धूळ. पॅडमधून निघालेली ती काळी पूड तोंडाने फुंकू नये, हवेचा झोतही मारू नये. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, आणि नव्या पॅडची पूडही छातीत जावी अशी नसतेच. तोंडाला मास्क, ओले फडके, ते फडके पिशवीत बांधून कचऱ्यात. मागच्या ड्रममधून येणाऱ्या खरखरीचे कारण तर पुष्कळदा ही साचलेली पूडच असते. हँडब्रेक सोडून, मागची चाके उचलली जाणार म्हणून पुढच्या चाकांना दगड लावून ड्रम काढला, ओल्या फडक्याने आतून पुसला, की गाडी निमूट होते. ड्रममधल्या स्प्रिंगांशी मात्र झोंबू नये. त्या निघतात चटकन, बसायला दुपार जाते. आत ओलसर तेलकट दिसले तर व्हील सिलिंडर गळतो आहे. झाकण लावून मिस्त्रींना फोन.

चकाकलेले पॅड फरशीवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर, किंचित ओल करून, सपाट धरून घासायचे. पंधरा-वीस फेऱ्यांत चकाकी जाऊन मंद काळा पोत येतो. पॅडच्या दोन्ही टोकांच्या धारदार कडा कानशीने थोड्या तिरक्या करायच्या, म्हणजे टोक एकदम न चावता अलगद टेकते. मास्तरांचा तिरका खडू तो हाच. पाठीचे पातळ पत्रे आणि पकडणाऱ्या क्लिपा जागेवर आहेत का पाहा. पॅड बदलताना "याची काही गरज नसते" म्हणून ते जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात टाकणारे पुष्कळ आहेत, आणि मग गिऱ्हाईक महिनाभराने नव्या पॅडच्या नावाने बोटे मोडते. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या हाताने सहज सरकल्या पाहिजेत. अडकल्या असतील तर एकच पॅड सगळे काम करते आणि वाकडे झिजते.

आणि हो, वंगण. इतका वेळ तेलाच्या विरुद्ध बोललो, तरी ब्रेकमध्ये त्याला थोडी जागा आहे. उष्णतेने न वितळणारे, ब्रेकसाठीच मिळणारे ग्रीस घ्यायचे आणि या सरकत्या पिनांना, पॅडच्या कानांना आणि पाठीला, नखावर मावेल एवढे, पातळ पुसून लावायचे. घरातले साधे ग्रीस नको, ते तापून पाघळते आणि नको तिथे जाते. पॅडच्या तोंडाला आणि तबकडीला बोटाचा तेलकट ठसासुद्धा लागता कामा नये. लागलाच तर ब्रेक क्लीनरने लगेच पुसा.

पॅड बदलायचे तर एकाच चाकाचे कधीच नाही, डाव्या-उजव्याची जोडीच. नवे पॅड जाड असते म्हणून पिस्टन मागे रेटावा लागतो, तेव्हा बॉनेटखालच्या डबीतले ब्रेक ऑइल वर चढते. ते ओसंडून रंगावर सांडले तर रंग खाते. त्या डबीकडे एरवीही लक्ष असावे. पातळी हळूहळू उतरणे म्हणजे पॅड झिजणे, भराभर उतरणे म्हणजे गळती. हे ऑइल हवेतला ओलावा पिते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. ते काम, पेडल स्पंजासारखे मऊ लागणे, गाडी एका बाजूला ओढणे, डॅशबोर्डवर ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा लागणे, यांतले काहीही घरी करू नये. ज्या गाड्यांना बटनाचा हँडब्रेक आहे त्यांच्या मागच्या ब्रेकलाही हात लावू नये. तिथला पिस्टन मोटारीने फिरतो, आधी यंत्र जोडून त्याला मागे घ्यावे लागते. यातल्या बऱ्याच बिघाडांत आवाज येतच नाही. करकरणाऱ्या गाडीवाल्याला मी धीर देतो, पण "आवाज काहीच नाही हो, नुसते पेडल जरा खोल जाते" असे म्हणणाऱ्याची किल्ली मी सरळ काढून घेतो.

सगळे परत बसवले की गाडी सुरू करून हलवण्यापूर्वी पेडल सावकाश दाबा आणि सोडा. पहिल्या दाबाला ते थेट तळाला जाईल, छातीत धस्स होईल. घट्ट होईपर्यंत दाबत राहा. ते घट्ट झाल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. मग मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून मध्यम ब्रेक लावून गाडी दहापर्यंत आणायची, पूर्ण थांबवायची नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असे आठ-दहा वेळा, मध्ये जरा दम खात. पॅडच्या मसाल्याचा एक समान थर तबकडीवर बसतो आणि दोघांची ओळख होते. पहिले काही दिवस थोडी कुरकुर राहिली तर राहू द्या.

चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे असतात, आणि पन्नास किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा. आमच्याकडे हे शेवटचे काम मुलगी करते. पाना तिच्याच डिकीत असतो.